बारा आण्यांची लढाई : गोदावरी परुळेकर आणि आपल्या जिल्ह्यातला मजूर

बोईसरमध्ये शिफ्ट सुटायची वेळ झाली की तारापूर एमआयडीसीकडून स्टेशनकडे येणारा रस्ता माणसांनी भरून जातो. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी रिक्षात दाटीवाटीने बसून. रंग, औषधं, लोखंड, कापड असं सगळं बनवणारे हे हात. यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, डहाणू-विक्रमगडची आदिवासी पोरं आहेत आणि आपल्या मोहल्ल्यातलीही आहेत. बरेच जण ठेकेदाराकडे. गेट एक, मशीन एक, पण कायम कामगाराचा पगार वेगळा आणि ठेक्यावरच्याचा वेगळा. बारा-बारा तास उभं राहून महिनाअखेर जे हातात पडतं, त्यातून खोलीचं भाडं, किराणा, गॅस आणि गावी पाठवायचे पैसे वजा केले की पोराच्या फीसाठी पुन्हा उसनवारी.

हा विषय कुठेही काढा, एक ठरलेलं उत्तर मिळतं. मजुरी बाजार ठरवतो, माणूस राजी आहे म्हणूनच काम करतो, परवडत नसेल तर त्याने येऊ नये. हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. खरं सांगायचं तर आपल्यातल्या काहींनी ते दिलंही आहे, कारण आपल्यात मजूर आहेत तसे मजूर ठेवणारेही आहेत.

हेच उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी याच मातीत दिलं जात होतं. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. ते उत्तर किती पोकळ आहे हे इथल्या वारली आदिवासींनी दाखवून दिलं, आणि त्यांच्यासोबत उभी राहिली पुण्याची एक शिकलेली बाई. गोदावरी परुळेकर. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं. आपल्या घरांमध्ये तर फारसं कुणाला माहीतही नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

वकिलाची मुलगी

गोदावरी गोखले यांचा जन्म 14 ऑगस्ट 1907 रोजी पुण्यात झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. फर्ग्युसन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन त्यांनी पदवी मिळवली आणि पुढे कायद्याची परीक्षा दिली. महाराष्ट्रातली कायद्याची पहिली महिला पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वकिली करून आरामात जगता आलं असतं. पण कॉलेजच्या दिवसांतच त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढल्या गेल्या आणि 1932 साली तुरुंगात गेल्या.

सुटल्यावर त्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. साक्षरतेच्या प्रसाराचं काम केलं. मुंबईत घरकाम करणाऱ्या नोकरांना संघटित करण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणायला तयार नव्हतं, त्यांच्या पगाराचा आणि सुट्टीचा प्रश्न त्या त्या काळात मांडत होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

1939 साली त्यांनी शामराव परुळेकर यांच्याशी लग्न केलं. शामरावही भारत सेवक समाजातले. 1937 च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले होते आणि कोकणातल्या खोतीविरुद्ध लढत होते. दोघंही पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाला विरोध केला म्हणून 1940 च्या सुमारास पुन्हा तुरुंग. बाहेर आल्यावर त्यांनी किसान सभेचं काम सुरू केलं आणि त्या कामाने त्यांना डहाणू, तलासरी, उंबरगावच्या जंगलपट्टीत आणून सोडलं.

वेठ म्हणजे काय होतं

त्या वेळची परिस्थिती आजच्या मुलांना सांगितली तर पटणार नाही. जमीन एकेकाळी वारल्यांचीच होती. कर्जाच्या कागदांवर अंगठे घेऊन ती जमीनदार-सावकारांकडे गेली. ज्याची जमीन तो कूळ झाला आणि मालकाच्या शेतावर, घरी, जंगलात फुकट राबू लागला. याला वेठ म्हणत. मालकाने बोलावलं की आपलं शेत टाकून जायचं. नाही गेलं तर मार. मजुरी बहुतेक वेळा काहीच नाही, मिळालाच तर एखादा आणा.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मालकाकडून खावटी घ्यायची. पीक आल्यावर ती वाढीदिढीने फेडायची. भात खळ्यावरून थेट मालकाच्या कोठारात जायचं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी.

सगळ्यात वाईट प्रकार होता लग्नगड्याचा. तरुण वारल्याला लग्नासाठी थोडे पैसे लागत. ते मालकाकडून घेतले की नवरा आणि त्याची बायको, दोघंही त्या मालकाचे बांधील गडी. कर्ज फिटेपर्यंत राबायचं, आणि मजुरीच नसल्यामुळे कर्ज कधी फिटायचंच नाही. माणसं म्हातारी होऊन मेली तरी लग्नाचं कर्ज तसंच राही आणि कित्येकदा मुलांच्या डोक्यावर येई. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला लावलं होतं. त्याच्या अहवालातही हे सगळं नोंदलं गेलं. अहवाल कपाटात राहिला आणि वेठ चालूच राहिली.

इथे एक गोष्ट आपण स्वतःला प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे मालक कुठल्या एका जाती-धर्माचे नव्हते. त्यांत हिंदू होते, पारशी-इराणी होते आणि मुसलमानही होते. गरिबाची मजुरी दाबताना धर्म आड आला नाही. म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून वाचू नये.

आणि आता सुरुवातीचं ते उत्तर आठवा. लग्नगडी राजीच होता की. त्याने स्वतः पैसे मागितले होते, स्वतः अंगठा दिला होता. त्या काळच्या बाजारात त्याची मजुरी शून्य ठरली होती. ज्याच्या घरात उद्याचं धान्य नाही, त्याच्या राजी असण्याला काय किंमत द्यायची? भुकेला माणूस कुठल्याही दराला हो म्हणतो. गोदावरीबाईंनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, झोपड्यांमध्ये राहून पाहिलं.

टिटवाळा ते झरी

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे काही मोजके वारली पोहोचले. एवढ्या लोकांसमोर उभं राहून आपली हकीगत सांगायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यानंतर गोदावरीबाई आणि शामराव गावोगाव फिरू लागले. पायवाटा तुडवायच्या, मिळेल ते खायचं, झोपडीत मुक्काम करायचा. सुरुवातीला लोक बोलायलाही घाबरत. हळूहळू विश्वास बसला. पुढे वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले.

23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. तिथे जे ठरलं ते अगदी साधं होतं. वेठ बंद. मालकाच्या शेतावर काम करायचं तर दिवसाला बारा आणे रोख मिळाले पाहिजेत, नाहीतर कामाला जायचं नाही. एकट्याने जायचं नाही, एकट्याने मोडायचं नाही.

बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. आज ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्याला काल काहीच मिळत नव्हतं, त्याने पहिल्यांदा स्वतःच्या दिवसाची किंमत स्वतः सांगितली होती. झरीच्या सभेनंतर लोक गावागावांत गेले आणि लग्नगड्यांना सोडवू लागले. हजारो माणसं मालकाच्या वाड्यातून उठून आपल्या घरी आली. मोठी फौज लागली नाही, बंदूक लागली नाही. सगळे एकदम नाही म्हणाले, एवढंच झालं.

गवताचा संप आणि तळवाडा

पावसाळा संपला की या पट्ट्यात गवत पिकतं. त्या काळी इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे आणि मालकांची मोठी कमाई त्यावर होती. गवत कापायचा हंगाम थोडा. वेळेत कापलं नाही तर उभं वाया जातं. 1945 च्या ऑक्टोबरमध्ये वारल्यांनी मागणी केली की 500 पौंड, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी. मालकांनी नकार दिला आणि संप सुरू झाला.

10 ऑक्टोबर 1945 रोजी तळवाड्याला हजारो वारली एकत्र आले. खोटा निरोप फिरवून त्यांना तिथे जमवलं गेलं होतं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे आणखी चार साथीदार मारले गेले. लोक तरीही तिथून लवकर हलले नाहीत. परुळेकर दांपत्यावर भागात फिरण्याची बंदी आली. मालकांना वाटलं, आता सगळं मोडेल. पण नेते नसतानाही संप टिकला आणि शेवटी अडीच रुपयांचा दर मान्य करावा लागला.

पुढच्या वर्षी, 1946 मध्ये, जंगलातल्या लाकूडतोडीचा प्रश्न आला. तिथेही ठेकेदार होते. आजच्यासारखेच मधले लोक. मागणी होती दिवसाला सव्वा रुपया. संप महिनाभराहून जास्त चालला. जंगलावर ज्यांचं पोट त्या माणसांनी महिनाभर कंदमुळं खाऊन काढावा, ही काही लहान गोष्ट नाही. अखेर लाकूड व्यापाऱ्यांनी दर मान्य केला. त्याच सुमारास परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं आणि शेकडो आदिवासींची धरपकड झाली.

जानेवारी 1947 मध्ये दुसरा गोळीबार झाला, तो आपल्या पालघर तालुक्यात, नानिवलीला. बोईसरहून पूर्वेला गेलं की हे गाव लागतं. तिथेही वारल्यांचे जीव गेले. पालघर शहरातल्या हुतात्मा चौकावरून आपण रोज जातो, 1942 च्या पाच हुतात्म्यांची आठवण तिथे आहे आणि ती असायलाच हवी. पण मजुरीसाठी मेलेल्या नानिवलीच्या माणसांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आम्हालाही बरीच वर्षं ठाऊक नव्हती.

नंतरची वर्षं

स्वातंत्र्यानंतरही गोदावरीबाईंचा रस्ता सोपा झाला नाही. त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात जावं लागलं. 1957 मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. ऑगस्ट 1965 मध्ये आर्थर रोड तुरुंगात असतानाच त्यांचं निधन झालं. गोदावरीबाई त्याही वेळी स्थानबद्ध होत्या.

एकट्या राहिल्या तरी त्यांनी हा मुलूख सोडला नाही. वारल्यांच्या लढ्याची हकीगत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. पुस्तक 1970 मध्ये आलं आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. 8 ऑक्टोबर 1996 रोजी त्यांचं निधन झालं. दोनच दिवसांनी तळवाड्याच्या शहिदांचा दिवस होता.

त्यांच्या पक्षाशी, विचारांशी सगळ्यांचं जमेल असं नाही. आमचंही सगळ्या बाबतीत जमतं असं नाही. पण गरिबाला त्याच्या घामाचा दाम मिळवून देणाऱ्या माणसाला सलाम करायला एक विचार असावा लागत नाही.

कायदा काय म्हणतो

या आणि देशभरातल्या अशा लढ्यांनंतर कायदे आले. 1948 मध्ये किमान वेतन कायदा झाला. तो आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला आहे. 1950 च्या राज्यघटनेत कलम 23 ने वेठीवर बंदी घातली आणि कलम 43 ने सांगितलं की कामगाराला निर्वाह वेतन, म्हणजे माणसासारखं जगता येईल एवढी मजुरी मिळेल यासाठी सरकारने झटावं.

जगता येईल एवढी म्हणजे किती, याचंही उत्तर दिलं गेलं. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने हिशोब मांडला. एका कमावत्यावर तीन माणसांचा खर्च धरायचा, माणशी रोज 2700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्तीसाठी वेगळे 20 टक्के. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी त्यात आणखी 25 टक्के धरले पाहिजेत. लग्नाचा खर्च मजुरीत धरला पाहिजे, हे वाचताना आम्हाला लग्नगडी आठवला. मजुरीत लग्नाला जागा असती तर त्याला स्वतःला गहाण टाकावं लागलं नसतं.

1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही वेठच आहे, असा निर्णय दिला. गरिबीने आणलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच, असं न्यायालयाने मानलं. माणूस राजी होता, ही सबब चालणार नाही. झरीच्या सभेने 1945 मध्ये जे सांगितलं होतं, ते न्यायालयाच्या कागदावर यायला 37 वर्षं गेली.

आपल्या घरापासून

आपल्याकडे घाम सुकायच्या आत मजुरी हातात पडावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानपणापासून सांगितली जाते. जुम्म्याच्या बयानात ती कितीदा ऐकली असेल. पण ही शिकवण फक्त वेळेपुरती नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला आपण खातो त्यातलं खाऊ घालावं, आपण नेसतो तसं नेसवावं, झेपणार नाही एवढं ओझं टाकू नये, हेही त्याच शिकवणीत आहे. पूर्ण काम घेऊन मजुरी बुडवणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, इतका कडक इशारा दिलेला आहे.

तरीही आपल्या बेकरीत, गॅरेजमध्ये, शिलाईच्या कारखान्यात, दुकानात आणि घरात काम करणाऱ्या माणसाला आपण काय देतो, याचा हिशोब फार थोडे जण करतात. वर्षभर कमी पगार द्यायचा आणि रमजानमध्ये त्यालाच जकातीचं पाकीट द्यायचं, असंही घडतं. जकात मजुरीच्या जागी धरता येत नाही. पगार हा त्याचा हक्क आहे. आधी तो पूर्ण द्यावा, मग सदका-खैरात करावी.

जे स्वतः मजूर आहेत त्यांच्यासाठीही थोडं सांगायचं आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी बदलतो. आपल्या उद्योगाचा चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून माहीत करून घ्यावा. पगाराची स्लिप मागावी. पीएफ, ईएसआयसी कापला जातो तर तो भरला जातो का, हे पाहावं. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर हा कायदा आहे, मेहरबानी नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही माहीत असावं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे एकट्याने मागू नये. एकट्याला उद्या गेटवर थांबवतात. झरीच्या लोकांना हे शिकवावं लागलं नव्हतं, ते एकत्रच उठले होते.

मजुरी वाढली तर धंदा बसेल, असं मालक म्हणतात. छोट्या धंदेवाल्याची अडचण खरी असते, ती आम्ही नाकारत नाही. ठेका देणारी मोठी कंपनी दर पाडते, मग ठेकेदार मजुराचा दर पाडतो. पण या साखळीत सगळ्यात खालच्या माणसानेच प्रत्येक वेळी पोट का कापावं? 1945 मध्येही मालक म्हणत होते की अडीच रुपये दिले तर बुडू. दर द्यावा लागला आणि तरीही गवत कापलं गेलं, गाड्या मुंबईला गेल्या. फरक एवढाच पडला की कापणाऱ्याच्या घरी चूल पेटली.

पुढच्या वेळी आपल्याकडे कामाला आलेल्या माणसाशी पगार ठरवताना तो कितीला राजी आहे, हे विचारून थांबू नका. एवढ्यात त्याचं घर चालेल का, हेही विचारा. आणि 10 ऑक्टोबर आला की तळवाड्याच्या आणि आपल्या नानिवलीच्या माणसांची गोष्ट मुलांना सांगा. ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.